बँकेचं लाईट बिल चालतं, मग खातेदाराच्या गोळ्या का नाही? रिझर्व्ह बँकेला खुलं पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
आणि ठेव विमा महामंडळाचे (डीआयसीजीसी) संबंधित अधिकारी

साहेब, नमस्कार.

मी ठाणे जिल्ह्यात मेडिकल चालवतो. दुकान छोटंच आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि बायको बघतो. आमच्या भागातल्या एका सहकारी बँकेवर तुमचे निर्बंध आले, म्हणजे खात्यातले पैसे काढणं बंद झालं, आणि तिचे बरेचसे खातेदार म्हणजे माझेच रोजचे गिऱ्हाईक निघाले, दुकानाचं करंट अकाउंट तिथेच, आईच्या एफड्या तिथेच. बँकेचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मला एका बँकेबद्दल बोलायचं नाहीये, उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या बँकेच्या शटरवर निर्बंधांचा हाच कागद लागेल आणि तिथल्या मेडिकलवाल्याला हेच सगळं बघावं लागेल. पैसे कोणी खाल्ले, कर्जं कोणाला वाटली, ते पोलीस आणि कोर्ट बघतील. मी लिहितोय ते निर्बंध लागल्यानंतर माणसांच्या तब्येतीचं जे होतं त्याबद्दल, कारण त्याबद्दल तुमच्या प्रेसनोटमध्ये मला एक ओळ सापडली नाही.

तुमच्या निर्देशांची भाषा आता आम्हाला पाठ झालीये. १३ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हाची प्रेसनोट घ्या. सेव्हिंग, करंट किंवा कुठल्याही खात्यातून काहीही रक्कम काढू द्यायची नाही, असं त्यात होतं. ठेवीतून कर्ज वळतं करून घ्यायला परवानगी होती. आणि बँकेला काही अत्यावश्यक खर्च करता येतील असंही होतं, म्हणजे कर्मचाऱ्यांचे पगार, जागेचं भाडं, लाईट बिल. पगार व्हायलाच पाहिजेत, त्यांनाही घरं आहेत आणि काउंटरवर बसून लोकांचं बोलणं तेच खातात. पण साहेब, त्या यादीत बँकेचं लाईट बिल बसतं आणि त्याच बँकेत आयुष्याची पुंजी ठेवलेल्या ७५ वर्षांच्या बाईचं इन्सुलिन बसत नाही, हे मला कोणीतरी समजावून सांगा. तिथे नंतर २७ फेब्रुवारीपासून २५ हजारांपर्यंत रक्कम काढू दिली, ते चांगलं केलंत. पण मधल्या दोन आठवड्यांचं काय? इन्सुलिनवाल्या माणसाला दोन आठवडे कळ काढा असं मी माझ्या काउंटरवरून कसं सांगू?

हे सगळं वाचून लगेच कोणीतरी म्हणेल की जास्त व्याजाच्या लोभाने ठेवले पैसे, भोगा आता. हे मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही ऐकायला मिळालं आणि फार लागलं. ही माणसं पैशाच्या बाबतीत बेशिस्त अजिबात नव्हती. उलट मी म्हणेन की आमच्या भागात सगळ्यात शिस्तीची माणसं हीच. कारखान्यातून, प्रायव्हेट कंपन्यांतून रिटायर झालेली, पीएफसोबतची ईपीएस पेन्शन कोणाला हजार कोणाला दोन हजार (२०१४ पासून किमान पेन्शन एक हजार रुपयेच आहे, ती अजून तिथेच), त्यामुळे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे आले ते पैसे एफडीत टाकले आणि दर महिन्याचं व्याज हीच खरी पेन्शन. शेअर बाजारात गेले नाहीत, चिटफंडात गेले नाहीत. सहकारी बँक का, तर घराजवळ आहे, पासबुक भरून मिळतं, काउंटरवरची मुलगी मराठीत बोलते, सिनियर सिटिझनला अर्धा टक्का वर मिळतो, आणि दारावर रिझर्व्ह बँकेचं लायसन्स आहे. हो साहेब, लोक ते वाचतात. ते तुमच्या नावावर विश्वास ठेवतात.

माझ्या दुकानात हे कसं दिसायचं ते सांगतो. व्याज जमा झालं की दोन-तीन दिवसांत ही मंडळी यायची, हातात पिशवी, पिशवीत डॉक्टरची फाईल आणि छोटी डायरी. महिन्याच्या गोळ्या एकदम घ्यायची, बिल डायरीत लिहायची. ज्यांचा हिशोब नीट त्यांच्या गोळ्याही नीट, हे मी वडिलांच्या काळापासून बघतोय. गोळी चुकत नाही, शुगर दर तीन महिन्यांनी तपासतात, सकाळी मैदानात चालायला जातात, कारण डोक्याला घोर नसतो. पैसा जागच्या जागी आहे हे माहीत असलं की माणूस रात्री झोपतो, आणि झोपला की त्याचं बीपी अर्धं तिथेच ताब्यात येतं. यासाठी डॉक्टर असायची गरज नाही, काउंटरवर उभं राहिलं तरी कळतं.

निर्बंध लागले आणि हे सगळं काही आठवड्यांत विस्कटलं.

पहिली गोष्ट मी पाहिली ती म्हणजे स्ट्रिप कापून मागायला लागले. महिन्याच्या गोळ्या घेणाऱ्या एक काकू, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बाहेर, त्या म्हणाल्या पाचच दे सध्या. मी कात्रीने स्ट्रिप कापली तर पुढच्या वेळी उरलेला तुकडा बघून त्यांनाच कळेना ही कुठली गोळी, कारण नाव आणि एक्सपायरी एका टोकाला छापलेली असते आणि ते टोक तर आधीच संपलेलं. त्यांच्या डब्यात असे चार-पाच बिननावाचे तुकडे होते. बीपीची कुठली, थायरॉइडची कुठली, अंदाजाने घेत होत्या.

दुसरं, गोळ्या अर्ध्या करायला लागले. आता डायबिटीसची मेटफॉर्मिन असते त्यात एक एसआर म्हणून येते, ती पोटात हळूहळू सुटावी अशी बनवलेली असते, ती तोडायची नसते, तोडली की सगळं औषध एकदम सुटतं आणि मग नंतर दिवसभर काहीच नाही. हे मी ओरडून ओरडून सांगतो. समोरचे काका शांतपणे म्हणतात, अरे अर्धी तर अर्धी, काहीतरी जातंय ना पोटात. त्यांना काय उत्तर देऊ मी?

आणि कुठली गोळी आधी बंद होते त्याचाही क्रम असतो. सगळ्यात आधी कोलेस्टेरॉलची, कारण ती नाही घेतली तर काही जाणवत नाही. मग कॅल्शियम, व्हिटॅमिन. मग शुगर तपासायच्या स्ट्रिपा, त्या महाग पडतात, मग तपासणीच बंद आणि आपली शुगर किती हे माहीतच नसतं. मग बीपीची एक दिवसाआड. काही गोळ्या अशा आहेत की एकदम बंद केल्या तर मूळ आजारापेक्षा जास्त धोका, फिटच्या गोळ्या आहेत, हार्टचे ठोके आवरणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या आहेत, स्टेरॉइड आहेत. या थांबवायच्या झाल्या तर डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. बँकेच्या शटरवरचा कागद बघून नाही थांबवत.

मी जमेल तितकी उधारी देतो. स्वस्त पर्याय असेल तर तो सांगतो, जनऔषधी केंद्रात पाठवतो, माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. पण माझं स्वतःचं करंट अकाउंट अडकलेलं, डिस्ट्रिब्युटरला दिलेले चेक परत आले, ज्यांच्याशी वडिलांपासूनचा व्यवहार ते आता कॅश दाखवा मग माल असं म्हणतात. त्यांचंही चूक नाही. म्हणजे खातेदाराकडे पैसे नाहीत आणि त्याला उधारी देणाऱ्याकडेही नाहीत, कारण दोघांचे पैसे एकाच कुलपात आहेत. निर्बंध एका बँकेवर लागतात पण बंद अख्खा भाग पडतो, रिक्षावाला, भाजीवाली, क्लासवाले, सोसायटीचा मेंटेनन्स फंड, सगळे.

झोपेच्या गोळ्यांचंही सांगायला हवं. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या शेड्युल एच वनमध्ये येतात, प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायच्या नाहीत, वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या ते लिहून ठेवावं लागतं. निर्बंधांच्या आधी त्या रजिस्टरमध्ये जी नावं मी कधी लिहिली नव्हती ती आता लिहितोय. आणि चिठ्ठीशिवाय मागणारे वेगळे, त्यांना मी देत नाही, पण मागताना त्यांचा चेहरा असतो तो बघवत नाही. चार माणसांत ताठ मानेने वावरलेली माणसं आहेत ही, सत्यनारायणाची वर्गणी सगळ्यात आधी देणारी. ती आता कट्ट्यावर येत नाहीत, कारण तिथे कोणीतरी विचारतं, काय हो, तुमचे किती अडकले? घरात नवरा-बायकोचं सुरू आहे ते वेगळंच. तूच म्हणालास तिथे ठेव. तुझ्याच भावाने सांगितलं होतं. चाळीस वर्षांचे संसार आहेत हे आणि आता संध्याकाळी टीव्हीसमोर बसून एकमेकांशी बोलत नाहीत.

हे फक्त आमच्याकडचं आहे असं समजू नका. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये, एवढीच मुभा. मग ओरड झाली तशी ती दहा हजार, पंचवीस हजार, चाळीस हजार, पन्नास हजार अशी वाढत गेली. त्या ऑक्टोबरमध्ये खातेदारांच्या मृत्यूच्या बातम्या येत होत्या, एक जण तर कोर्टाबाहेरच्या आंदोलनातून घरी गेला आणि हार्ट अटॅकने गेला. तुम्ही म्हणाल मृत्यूचं कारण बँकच कशावरून, वयही असतं, आजारही असतात. बरोबर आहे, पण आजारी आणि म्हातारी माणसं खातेदार असतात हे निर्बंध लावतानाच धरून चालायला हवं ना? मर्यादा जर महिनाभरात हजारावरून चाळीस हजारांवर नेता आली, तर पहिल्या दिवशी हजारच का होती, याचा खुलासा आजवर झालेला नाही.

पुण्याच्या रुपी बँकेचं तर अजून लांबलं. १९१२ ची बँक. फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध, मग मुदतवाढ, परत मुदतवाढ, आणि शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये लायसन्सच रद्द. साडेनऊ वर्षं. प्रत्येक मुदतवाढीला प्रेसनोट निघते आणि त्यात परिस्थितीवर आमचं लक्ष आहे अशा अर्थाचं वाक्य असतं. पण २०१३ मध्ये ज्याचं वय ७० होतं तो २०२२ मध्ये ७९ चा झाला किंवा राहिलाच नाही. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली तेव्हाही विम्याच्या पाच लाखांच्या वरची मोठी रक्कम टप्प्याटप्प्याने दहा वर्षांपर्यंत द्यायची असं ठरलं. दहा वर्षं हा बँकेच्या ताळेबंदासाठी ठीक काळ असेल. डायलिसिसवरच्या माणसासाठी नाही.

चांगलं जे केलंत तेही बोलतो, नाहीतर तुम्हाला वाटेल नुसता तक्रारीच करतोय. ठेव विम्याची मर्यादा, म्हणजे बँक बुडाली तर खातेदाराला जास्तीत जास्त किती मिळणार ती रक्कम, १९९३ पासून एक लाखावर अडकलेली होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. २०२१ मध्ये कायदा बदलून निर्बंध लागलेल्या बँकेच्या खातेदारांना ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळायची सोय झाली, आधी बँक पूर्ण बुडेपर्यंत वाट बघावी लागायची. न्यू इंडियाच्या वेळी सहा महिन्यांच्या आत, ४ ऑगस्ट २०२५ ला सारस्वत बँकेत विलीनीकरण झालं. म्हणजे मनात आणलं तर होतं. रुपीचे लोक ज्यासाठी साडेनऊ वर्षं झुरले ते इथे सहा महिन्यांत झालं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण ते ९० दिवस नीट बघा. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने खातेदारांची यादी आणि दावे तयार करून द्यायचे, पुढच्या ४५ दिवसांत महामंडळाने तपासून पैसे द्यायचे. कागदावर हे फास्ट आहे. पण या तीन महिन्यांत माणूस खाणार काय, गोळ्या कशाच्या जोरावर घेणार? त्यात संमतीचा फॉर्म भरा, केवायसी द्या, दुसऱ्या बँकेतलं खातं द्या. ज्या माणसाचं आयुष्यभर एकच खातं होतं त्याने आता नवीन खातं उघडायला जायचं, तिथे आधारवरची सही जुळत नाही, बोटाचे ठसे उमटत नाहीत, मोबाईल नंबर मुलाचा आहे. आमच्या शाखेत मी आईला घेऊन गेलो होतो, औषधोपचाराच्या कारणासाठी काही रक्कम मिळते का विचारायला. आधी सांगितलं अर्ज करा, मग डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मग म्हणाले हॉस्पिटलचं एस्टिमेट हवं. आईला ॲडमिट करायचं नव्हतं, तिला रोजच्या गोळ्या हव्या होत्या. रोजच्या गोळ्यांसाठी त्यांच्याकडे रकानाच नव्हता. ती मुलगी बिचारी म्हणाली, काका, आजींना ॲडमिट केलंत तर मी फॉर्म पुढे पाठवू शकते. तिचा काही दोष नाही, पण ही कसली व्यवस्था म्हणायची?

लोक सांगतात सरकारी योजना आहेत. आहेत, ऑक्टोबर २०२४ पासून ७० वरच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कवच आहे, महात्मा फुले योजना आहे, मी स्वतः लोकांना कार्ड काढायला लावलीत. पण ती हॉस्पिटलात भरती झाल्यावरची सोय आहे. घरी बसून रोज घ्यायच्या गोळ्या, शुगरच्या तपासण्या, डॉक्टरची फी, हे सगळं खिशातूनच जातं. म्हणजे गोळ्या बंद करून माणूस पडला, पॅरालिसिस झाला, की मग सरकार लाखभर खर्च करणार, आणि ते टाळायला जे हजार-दोन हजार महिन्याला लागतात ते त्याचे स्वतःचेच पैसे असून मिळणार नाहीत.

अजून एक गोष्ट जिच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. मेडिक्लेमचे हप्ते, घराचे ईएमआय याच खात्यातून ऑटो डेबिट असतात. खातं गोठलं की हप्ता बाउन्स. मेडिक्लेमच्या वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, ती उलटली की पॉलिसी गेली, नवीन घ्यायची तर जुन्या आजारांना पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबायचं, आणि ६८ वर्षांच्या डायबिटीसवाल्याला नवीन पॉलिसी देतं कोण? ईएमआय बाउन्स झाला तर दंड, आणि वर सिबिल स्कोअर पडतो. पैसे खात्यात होते साहेब! माणसाने हप्ता चुकवला नाही, त्याला भरू दिला नाही. तरी रेकॉर्डला डिफॉल्टर तोच.

एक संशोधन आहे, २०१३ मध्ये सायन्स या विज्ञान साप्ताहिकात आलेलं. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना कापणीच्या आधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि कापणीनंतर पैसा आल्यावर, अशा दोन्ही वेळी बुद्धीच्या चाचण्या दिल्या. तेच शेतकरी, पण पैशाच्या ओढाताणीत त्यांची उत्तरं खराब आली आणि पैसा आल्यावर सुधारली. म्हणजे पैशाची चिंता डोक्यातली जागाच खाते. मी हे रोज बघतोय. हुशार, हिशोबी माणूस एकच गोळी दोनदा घेतो, दुसऱ्या दिवशी विसरतो, छत्री दुकानात ठेवून जातो, आणि कुठलातरी एजंट येऊन दहा टक्के द्या तुमचे पैसे सोडवून देतो म्हणाला तर त्याच्या कागदावर सही करून मोकळा होतो. दर फेब्रुवारीत तुम्ही आर्थिक साक्षरता सप्ताह करता, चांगली गोष्ट आहे, आमच्याकडच्या शाळेतही पोस्टर लागतात. पण या लोकांना साक्षरता कमी नव्हती. अडचणीला पैसे बाजूला ठेवा म्हणतात तसे त्यांनी ठेवले होते, नॉमिनी लावला होता, कर्ज काढलं नव्हतं. सगळं नियमाने केलं आणि जिथे ठेवलं तिथलं दार बंद झालं.

पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांमध्ये तर याहून वाईट आहे, त्यांना ठेव विमाच लागू नाही, मराठवाड्यात हजारो कुटुंबं त्यात भरडली गेलीत. तो विषय सहकार खात्याचा आहे म्हणून इथे लांबवत नाही, पण निदान बँक आणि पतसंस्था यातला फरक गावागावात मराठीत मोठ्या अक्षरात लिहून लावायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

आता मागण्या. घोटाळेबाजांना शिक्षा वगैरे मी लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. निर्बंधांच्या निर्देशांत अत्यावश्यक खर्चाची जी यादी असते त्यात खातेदाराचा औषधखर्च पहिल्या दिवसापासून घाला. प्रिस्क्रिप्शन दाखवून दर महिन्याला ठराविक रक्कम, समजा दहा हजारांपर्यंत, त्याच्याच खात्यातून. रोख द्यायची भीती वाटत असेल तर थेट मेडिकलच्या, लॅबच्या, डायलिसिस सेंटरच्या खात्यात टाका. भरती झालंच पाहिजे ही अट नको. दर महिन्याला नवीन सर्टिफिकेटही नको, डायबिटीस महिन्याने बरा होत नाही.

२. ६५ च्या वरच्यांना, अपंगांना आणि गंभीर आजार असलेल्यांना विम्याच्या पाच लाखांतले पहिले पन्नास हजार आठवड्याभरात ॲडव्हान्स द्या, बाकीची तपासणी ९० दिवस चालू दे. खातं खरं आहे की नाही हे बघायला केवायसी आहेच, ती बँकेने तुमच्याच नियमाने केलेली आहे. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांचा फॉर्म घरी येऊन भरून घ्या.

३. निर्बंधांमुळे बाउन्स झालेला ईएमआय सिबिलला जाता कामा नये आणि त्यावर दंड लागता कामा नये, असं सर्व बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना लेखी कळवा. मेडिक्लेमच्या हप्त्यासाठी विमा नियामकाशी बोलून निर्बंधांच्या काळात पॉलिसी चालू राहील अशी व्यवस्था करा, किंवा गोठलेल्या खात्यातून निदान तेवढा हप्ता तरी जाऊ द्या.

४. शटरवर जो कागद लावता तो मराठीत लावा, मोठ्या अक्षरात, आणि त्याखाली टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा. सरकारचाच आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्या काउंटरवर मी तो चिकटवलाय आणि दोन-तीन जणांनी न बोलता मोबाईलमध्ये फोटो काढून नेलाय. पहिल्या पंधरवड्यात शाखेत एक समुपदेशक आणि बीपी-शुगर तपासायला एक नर्स बसवा. ज्या दिवशी निर्बंध लागले त्या दिवशी आमच्या शाखेसमोरच्या रांगेत एक आजोबा चक्कर येऊन पडले, त्यांना पाणी द्यायला समोरचा चहावाला धावला. बंदोबस्ताला पोलीस होते, डॉक्टर कोणी नव्हता.

५. मुदतवाढ करताना प्रत्येक वेळी कारण लिहा. काय झालं, काय राहिलं, पुढची तारीख कुठली. लक्ष आहे एवढं पुरत नाही. माणूस वाईट बातमी पचवतो, पण काहीच न कळणं त्याला आतून पोखरतं, हे मी डॉक्टर नसूनही सांगू शकतो.

६. सहकारी बँका कॅलेंडरवर ऑडिट वर्ग अ असं छापतात आणि लोक ते बघून ठेवी ठेवतात. तुमच्या तपासणीत बँकेची खरी तब्येत काय दिसली ते मात्र खातेदाराला कधीच कळत नाही. घबराट होईल म्हणून सांगत नाही म्हणता, ते मला थोडंफार समजतंही, पण मग नवीन ठेवी घेणं तरी वेळीच थांबवा. आमच्या आळीतल्या एकांनी निर्बंधांच्या जेमतेम आधी रिटायरमेंटचे सगळे पैसे तिथे एफडीत टाकले. त्यांना थांबवायचं काम कोणाचं होतं?

७. पाच लाखांची मर्यादा २०२० ची आहे. तेव्हापासून औषधं, हॉस्पिटल, घरभाडं कुठे गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. निवृत्तीच्या पैशांसाठी, निदान ज्येष्ठांसाठी, ती वाढवा.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवीन कायदाही लागायचा नाही. पहिली आणि चौथी मागणी तर तुमच्या एका परिपत्रकाने पुढच्या निर्बंधांपासून लागू होऊ शकते, त्या दोन आधी करा, बाकीच्यांवर आम्ही बोलत राहू.

या पत्राची प्रत मी पोस्टाने पाठवतोय, सोबत आमच्या भागातल्या खातेदारांच्या सह्या आहेत. काही सह्या थरथरत्या हाताच्या आहेत, बँकेतल्या नमुन्याशी कदाचित जुळणार नाहीत, त्या मुद्द्यावर पत्र बाजूला ठेवू नका. उत्तर मराठीत पाठवा. आलं की झेरॉक्स काढून दुकानात लावेन, लोक रोज विचारतात.

आपला,
एक मेडिकलवाला आणि खातेदार
ठाणे जिल्हा